अभिनय, पेशा आणि स्वतःचा फायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभिनयाच्या वर्गात येणारे लोक तऱ्हेतऱ्हेचे असतात. कुणाला हाच पेशा करायचा असतो, कुणाला चारचौघांत बोलायची भीती घालवायची असते, तर कुणी नुसतं बघायला येतं आणि अडकतं. प्रश्न मात्र बहुतेकांचे सारखेच असतात. वर्गात पुन्हा पुन्हा दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते विषयच तसे आहेत.

एका वाक्यात सांगा, अभिनय केल्याने माणसाला काय मिळतं?

समोरच्याकडे नीट लक्ष देता येऊ लागतं. बाकीचे फायदे यामागून येतात.

आम्ही तर ऐकलं होतं की आत्मविश्वास वाढतो!

वाढतो, पण लोक समजतात त्या वाटेने नाही. छाती पुढे काढून ठासून बोलायला शिकवणारे वर्ग असतात. तिथे आवेश शिकवतात, आणि प्रेक्षकाला तो दोन मिनिटांत कळतो.

घाबरलेला माणूस मंचावर उभा असतो तेव्हा त्याचं सगळं लक्ष स्वतःवर असतं. हात कुठे ठेवू? आवाज कापतोय का? तिसऱ्या रांगेतला तो माणूस कशाला हसला? तेच लक्ष सहकलाकाराकडे, हातातल्या पत्राकडे, पुढच्या कामाकडे गेलं की हातांचा प्रश्न आपोआप मिटतो. १८९८ मध्ये नेमिरोविच-दानचेन्को यांच्यासोबत मॉस्को आर्ट थिएटर उभं करणाऱ्या स्टानिस्लावस्कींनी यासाठी एक साधा सराव सांगितला. अंधारात एकच दिवा लावायचा आणि त्याच्या उजेडाच्या छोट्या वर्तुळात ज्या वस्तू दिसतील तेवढ्यांकडेच बघायचं. मग वर्तुळ हळूहळू मोठं करायचं. लक्ष विस्कटलं की पुन्हा लहान वर्तुळात यायचं. मुलाखतीच्या खोलीबाहेर बसलेल्या कुणालाही हे उपयोगी पडतं, त्यासाठी नट असायची गरज नाही.

लक्ष द्यायला शिकवतात कसं? ते तर स्वभावावर असतं ना?

स्वभावावर थोडं, सरावावर बरंच. अमेरिकन शिक्षक सॅनफर्ड माइझनर यांनी तयार केलेला पुनरुच्चाराचा सराव आज जगभरच्या वर्गांत चालतो. दोघं समोरासमोर बसतात. एकाने समोर जे दिसतंय ते बोलायचं: "तुझ्या शर्टाचं बटण तुटलंय." दुसऱ्याने तेच परत म्हणायचं: "माझ्या शर्टाचं बटण तुटलंय." पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा.

पहिली काही मिनिटं दोघांना हसू येतं. मग कंटाळा येतो, आणि खरं काम तिथून पुढे सुरू होतं. कुणाच्या तरी आवाजात वैताग उतरतो. समोरच्याच्या ते लक्षात आलं की वाक्य बदलतं: "तू वैतागलीस." "मी वैतागले." "हो, वैतागलीस." "हो, वैतागले!" हे कुणीही ठरवलेलं नसतं. समोरून काही आल्याशिवाय आपण काही करायचं नाही, एवढाच नियम. तो पाळायला गेल्यावर कळतं की एरवी आपण समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपलं उत्तर तयार करत असतो.

नवरा-बायको एकाच वर्गात आले तर निदान सुरुवातीचे काही दिवस त्यांना या सरावासाठी एकमेकांसमोर बसवू नये, हा माझा अनुभवाचा सल्ला आहे.

मी अबोल आहे. मला जमेल?

अबोल माणसांची निरीक्षणशक्ती बरेचदा बोलक्यांपेक्षा तल्लख असते, त्यामुळे त्यांचं घोडं पुढेच असतं. शिवाय नाटकात काय बोलायचं हे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं. बुजऱ्या माणसाची अर्धी पंचाईत 'आता काय बोलू' हीच असते, ती तिथे उरत नाही.

लाजाळूपणा आणि मंचाची भीती या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्यासारख्या नटाला पन्नाशी उलटल्यावर, लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये काम करत असताना, या भीतीने गाठलं. ती काही वर्षं टिकली. शेक्सपिअरच्या नाटकातला शायलॉक करताना सहकलाकारांनी आपल्या डोळ्यांत पाहू नये, अशी विनंतीही त्यांनी केली होती. तेव्हा भीती वाटते म्हणजे आपण या कामाचे नाही, असा निष्कर्ष काढू नका. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळहात ओले होतात. हा ॲड्रेनलिनचा, म्हणजे भीतीच्या वेळी शरीरात सुटणाऱ्या संप्रेरकाचा, खेळ आहे आणि तो थांबत नाही. सरावाने इतकंच होतं की तो चालू असतानाही काम करता येतं.

माझं पाठांतर कच्चं आहे. अभिनयाने स्मरणशक्ती सुधारते का?

चांगले नट शाळेत पाढे म्हणायचो तसं पाठ करतच नाहीत. हेल्गा नॉइस आणि टोनी नॉइस या अमेरिकन संशोधक जोडप्याने, त्यातले टोनी स्वतः नट, यावर बरीच वर्षं काम केलं. नट वाक्य घोकत नाहीत, ते वाक्यामागचं कारण शोधतात, हे त्यांच्या अभ्यासात दिसलं.

उदाहरण घेऊ. संहितेत वाक्य आहे: "दार लावून घे." तीन शब्द. ते का म्हटलं जातंय? बाहेरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून? समोरचा निघून जायच्या बेतात आहे आणि त्याला थांबवायचं आहे म्हणून? की त्याने आता निघावं, आणि जाताना दार लावावं म्हणून? कारण बदललं की नजर कुठे जाईल, कुठल्या शब्दावर वजन पडेल, वाक्याआधी किती थांबाल, सगळंच बदलतं. एकदा कारण पक्कं झालं की वाक्य विसरणं अवघड होतं, कारण मागच्या वाक्याने ते तुमच्याकडून ओढूनच काढलेलं असतं. हालचालीचाही हात असतो. खुर्चीवरून उठत म्हटलेलं वाक्य बसल्या बसल्या म्हटलेल्यापेक्षा जास्त टिकतं, हेही याच जोडप्याने तपासलं.

परीक्षेचा अभ्यास किंवा कार्यालयातलं सादरीकरण करणाऱ्यांनी हे उचलून बघावं. पुढचं वाक्य काय आहे हे न आठवता, मागच्या मुद्द्यानंतर ते बोलायची गरज का पडते एवढंच आठवायचं.

दुसऱ्याचं मन कळू लागतं, हे खरं की नुसतं म्हणायचं?

थालिया गोल्डस्टीन आणि एलेन विनर यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्षभर अभिनय शिकणाऱ्या मुलांची तुलना दुसऱ्या कला शिकणाऱ्या मुलांशी केली होती. अभिनयवाल्यांची सहानुभूती जास्त वाढलेली दिसली. एका अभ्यासावरून डंका पिटू नये, पण तालमीत जे दिसतं त्याच्याशी हे जुळतं.

तालमीत काय दिसतं? खलनायकाची भूमिका मिळालेला माणूस पहिल्या वाचनाला त्या पात्राबद्दल "हा" असं बोलतो: हा असा आहे, हा तसा वागतो. चौथ्या-पाचव्या तालमीला तो "मी" म्हणू लागतो आणि दिग्दर्शकाशी भांडतो: "मी तिला फसवत नाहीये, तिने मला दुसरा पर्याय ठेवलाय का?" स्वतःच्या पात्राचं वकीलपत्र घेतल्याखेरीज ते पात्र उभंच राहत नाही. ही सवय घरी, कामावरही थोडीफार येते. सगळ्यांच्यात येत नाही, हेही सांगून टाकतो. उत्तम नट आणि अत्यंत आत्मकेंद्री माणूस एकाच देहात सुखाने नांदताना दिसतात.

भावना खरोखर अनुभवाव्या लागतात का? नटाला खरंच रडू येतं?

भांडण जुनं आहे. नटाने डोकं थंड ठेवून भावनांची बाह्य चिन्हं नेमकेपणाने उभी करावीत, असं फ्रेंच तत्त्वज्ञ दिदरो यांनी अठराव्या शतकात लिहिलं. तो निबंध छापला गेला १८३० मध्ये, त्यांच्या पश्चात. त्याच्या कितीतरी आधी नाट्यशास्त्राने आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले. अश्रू, कंप, रोमांच हे सात्त्विकात घातले, म्हणजे मन तिथे असल्याशिवाय न येणारे.

विसाव्या शतकात हा वाद न्यूयॉर्कमध्ये पेटला. दिग्दर्शक आणि अभिनयशिक्षक ली स्ट्रासबर्ग स्टानिस्लावस्कींच्या शिकवणीचा आधार घेऊन नटांना स्वतःच्या आयुष्यातल्या जुन्या आठवणी उकरायला लावत. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या अभिनेत्री स्टेला ॲडलर यांना ते सोसवेना. १९३४ मध्ये पॅरिसला त्या खुद्द स्टानिस्लावस्कींना भेटल्या, काही आठवडे त्यांच्यासोबत काम केलं, आणि परत येऊन सांगितलं की स्वतः गुरुजींचा भर आता कल्पनाशक्तीवर आणि कृतीवर आहे.

तुमच्या प्रश्नासाठी यातलं महत्त्वाचं असं: रडण्याच्या प्रसंगासाठी आजी गेल्याची आठवण रोज रात्री काढावी लागत नाही. काढलीत तर काही प्रयोगांनंतर ती आठवण बोथट तरी होते किंवा तुम्हाला आजारी तरी पाडते. मी ॲडलरबाईंच्या बाजूचा आहे. पात्र रडू *आवरायचा* प्रयत्न करत असेल तर तो प्रयत्न करा. डोळे भरायचे तर भरतील, नाही भरले तरी प्रसंग उभा राहतो.

भूमिका अंगावर राहते का? याचा मनावर वाईट परिणाम होत नाही?

होऊ शकतो. तो होत नाही म्हणणारे शिक्षक बेजबाबदार आहेत. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या एका प्रयोगात नटांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून रोमिओ किंवा ज्युलिएट म्हणून प्रश्नांची उत्तरं द्यायला लावलं होतं. स्वतः म्हणून उत्तर देतानाच्या तुलनेत, 'मी'शी निगडित समजल्या जाणाऱ्या मेंदूच्या काही भागांतली हालचाल तेव्हा कमी झालेली दिसली. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. एका प्रयोगातून फार मोठा अर्थ काढू नये, पण भूमिकेतून बाहेर यायला वेळ लागतो असं जे नट सांगतात ते थोतांड नाही, इतकं धरून चालायला हरकत नाही.

आणि शरीराला संहिता कळत नाही. दीड तास खांदे आवळून, श्वास रोखून भीती दाखवली की स्नायू तसेच राहतात, मग झोप लागत नाही. म्हणून प्रयोगानंतर बाहेर पडायचा ठरलेला क्रम हवा. रंगभूषा स्वतः पुसायची, घाईत नाही. पात्राचे कपडे घरी न्यायचे नाहीत. ज्याला मंचावर मारलं किंवा ज्याच्याकडून मार खाल्ला, त्याच्याशी दोन शब्द बोलायचे, तेही नाटकाबद्दल नाही. हात-पाय झटकायचे, स्वतःचं नाव मोठ्याने म्हणायचं. ऐकायला बालिश वाटतं, पण मोठ्या मोठ्यांना लागतं.

जवळिकीच्या दृश्यांसाठी आता वेगळी व्यवस्था रुळते आहे. २०१८ मध्ये एचबीओ या अमेरिकन वाहिनीने अशा दृश्यांना समन्वयक नेमायचं धोरण घेतलं आणि मग इतरांनीही ते उचललं. मारामारीचं दृश्य जसं हात-पाय मोजून बसवतात, तसं हेही बसवायचं: कुणाचा हात कुठे, किती वेळ, काय चालणार नाही. 'त्या क्षणी काय वाटेल ते करा' असं कुणी सांगत असेल तर नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मग अभिनय म्हणजे मानसोपचारच म्हणायचा?

नाही. मानसोपचारतज्ज्ञ मोरेनो यांनी विसाव्या शतकात मांडलेली सायकोड्रामाची, म्हणजे स्वतःचे प्रसंग अभिनयातून उभे करून उपचार करायची, पद्धत आणि त्यानंतर वाढलेली नाट्योपचाराची शाखा यांना वेगळं प्रशिक्षण लागतं. अभिनयाचा शिक्षक तुमचं दुःख उघडं करू शकतो, ते शिवायचं त्याला शिकवलेलं नसतं. नैराश्य असेल तर आधी डॉक्टर. वर्ग त्यासोबत चालू ठेवायला कुणाची ना नाही.

आवाज आणि शरीर यांत काय फरक पडतो?

एक गोष्ट ऐका. फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर, जन्म १८६९, टास्मानियाचा, मंचावर उतारे म्हणून दाखवायचा. त्याचा आवाज बसू लागला. डॉक्टरांना दोष सापडेना, विश्रांतीने बरं वाटायचं आणि मंचावर गेलं की पुन्हा तेच. मग त्याने आरसे लावून स्वतःला बोलताना न्याहाळलं. बोलायला तोंड उघडायच्या क्षणी तो मान मागे खेचत होता, त्याने स्वरयंत्र दाबलं जात होतं आणि श्वास धाप लागल्यासारखा तोंडाने आत ओढला जात होता. ही सवय सोडवता सोडवता जी पद्धत तयार झाली ती आज अनेक नाट्यशाळांत शिकवतात.

तुम्हीही करून बघा. फोनवर कुणाला तरी कठीण गोष्ट सांगायच्या आधीच्या क्षणी मानेचं काय होतं ते बघा. बहुतेकांची हनुवटी वर जाते. शिक्षक, वकील, दिवसभर बोलणारे सगळे या एका सवयीने घसा बसवून घेतात. पोटापर्यंत श्वास, सैल जबडा आणि वाक्याच्या शेवटच्या शब्दापर्यंत पुरवून वापरलेली हवा, एवढं जमलं तरी वर्गाची फी वसूल.

पेशा म्हणून पत्करावा का?

उत्पन्न बेभरवशाचं आहे. जगात कुठेही गेलात तरी बहुसंख्य नट एकट्या अभिनयावर घर चालवत नाहीत, सोबत शिकवतात, डबिंग करतात, काहीही वेगळं काम करतात. नुसत्या 'व्यक्तिमत्त्व विकासा'साठी पेशात उडी घ्यायची गरज नाही, तेवढं हौशी नाटकातही मिळतं.

पण पेशा काही गोष्टी अशा देतो ज्या हौसेतून मिळत नाहीत. पहिली, नकार. ऑडिशन संपते, "कळवतो" म्हणतात आणि कळवत नाहीत. कधी तुम्ही वाईट केलेलं असतं, पण कधी त्यांना बहिणीच्या भूमिकेसाठी आधीच ठरलेल्या नटीच्या उंचीशी जुळणारी मुलगी हवी असते, आणि तुम्ही कितीही छान केलं तरी उंची बदलत नाही. हे शंभरदा पाहिलेला माणूस नकार आणि स्वतःची लायकी यांची गाठ मारणं सोडून देतो. नोकरदारांना ही सुटका फार उशिरा मिळते, काहींना मिळतच नाही.

दुसरी, नोट्स घेणं. प्रयोगानंतर सगळे थकलेले असताना दिग्दर्शक वही उघडतो: दुसऱ्या अंकात तुझी एंट्री उशिरा, पत्र फाडताना पाठ प्रेक्षकांकडे, त्या हशाच्या जागी तू थांबलाच नाहीस. रिवाज असा की लिहून घ्यायचं, समर्थन करायचं नाही. सुरुवातीला जीभ वळवळते. "अहो, पण तो दिवाच..." हळूहळू ऐकून घेणं जमतं, आणि घरीदारीही टीका ऐकली की ताबडतोब तोंड उघडत नाही.

तिसरी, तेच ते पुन्हा करणं. काल जिथे सभागृह कोसळलं त्याच वाक्याला आज चिटपाखरू हसत नाही. शोधायला गेलं तर सापडतं की काल आपण ते वाक्य समोरच्याला म्हटलं होतं, आज कालच्या हशाला म्हटलं.

वय उलटून गेलंय. आता काय उपयोग?

डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, पूर्णवेळ नट झाले ते चाळिशी ओलांडल्यावर. डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ राहूनच अभिनय करत आले. जपानी नो नाट्याचे थोर नट झेआमी यांनी नटाच्या वयाच्या प्रत्येक टप्प्याला काय साधतं हे लिहून ठेवलं आहे. त्यांचे वडील कानआमी १३८४ मध्ये, बावन्नाव्या वर्षी वारले. त्याच्या जेमतेम काही दिवस आधी ते मंचावर होते. तेव्हा कठीण भाग त्यांनी तरुणांना दिले, स्वतः थोडंसंच केलं, आणि तेच जास्त खुललं, अशी मुलाची नोंद आहे.

वर उल्लेख केलेल्या नॉइस जोडप्याने ज्येष्ठांना चार आठवडे अभिनय शिकवून पाहिला, तेव्हा त्यांच्या आठवण्याच्या आणि विचार करण्याच्या चाचण्या सुधारल्या. निवृत्तीनंतर शब्दकोडी सोडवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

मुलांना घालावं का?

खेळ म्हणून, जरूर. अमेरिकन नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांचे नाट्यखेळ मुलांसोबतच घडत गेले आणि अजून वापरले जातात. मुलाला कॅमेऱ्यासमोर उभं करून 'छान रड बघू' म्हणणाऱ्या वर्गातून त्याच दिवशी परत आणा.

चांगला वर्ग ओळखायचा कसा?

काम मिळवून देण्याची हमी देणारा वर्ग नको. 'रजिस्ट्रेशन'च्या नावाखाली ऑडिशनसाठी पैसे मागणारा तर नकोच. एक तास मागे बसून बघू देतात का ते विचारा. बसल्यावर शिक्षकाकडे बघू नका, विद्यार्थ्यांकडे बघा. आपली पाळी नसताना ते दुसऱ्याचं काम पाहतायत की मोबाइल? रडवणं म्हणजे शिकवणं असा कुणाचा समज दिसला तर उठून या.

घरी एकट्याने सुरुवात करायची तर?

नाटकातला एक उतारा घ्या, फार तर अर्ध्या पानाचा. प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलने एक क्रियापद लिहा: टाळतो, डिवचतो, विनवतो, तपासतो. 'रागाने', 'दुःखाने' असलं काही लिहायचं नाही, राग करता येत नाही, डिवचता येतं. मग मोठ्याने वाचा आणि फोनवर रेकॉर्ड करा. लगेच ऐकू नका, दोन-चार दिवसांनी ऐका, आणि क्रियापदं झाकून ऐका. कुठल्या वाक्याला कुठलं होतं हे नुसत्या आवाजावरून ओळखता आलं तर ते वाक्य झालं. नाही आलं तर क्रियापद बदला, आवाज नको.

आणि आरशासमोर सराव?

मानेसाठी करा, अलेक्झांडरने केला तसा. संवादांसाठी नको. आरशात समोर कुणी नसतं, तुम्हीच असता.